लिंकन यांची सासुरवाडी फुटली कशी?
अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उत्तरेचं नेतृत्व करत होते. पत्नी मेरी यांचं माहेर मात्र केंटकीतलं, गुलाम बाळगणारं. हे राज्य संघराज्यात राहिलं, पण तिथली घरं दुभंगली. मेरी यांची काही भावंडं उत्तरेशी एकनिष्ठ राहिली, तर काही भाऊ दक्षिणेकडून लढले. त्यातले दोघं १८६२ मध्ये मारले गेले. सावत्र बहीण एमिलीचे पती बेन हार्डिन हेल्म यांनी लिंकन यांनी देऊ केलेलं लष्करी पद नाकारलं आणि ते दक्षिणेचे जनरल झाले. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. डिसेंबरमध्ये लिंकन यांनी विधवा मेहुणीला व्हाइट हाऊसमध्ये आसरा दिला. त्यावर टीका झाली. मेरी यांच्यासाठी तर भावांचा उघड शोक करणंही गद्दारीचा संशय ओढवून घेण्यासारखं होतं.