सहा महिन्यांची चक्कर

अमेरिकेतलं एडिसन असो की फ्रीमाँट, संध्याकाळी बागेत फिरायला आलेल्या मराठी आजी-आजोबांच्या घोळक्यात एक नियम रामरक्षेसारखा पाठ असतो: ‘सहा महिन्यांच्या आत एक चक्कर मारून आलं की ग्रीन कार्ड शाबूत.’ लेकाने नागरिकत्व घेतलं, आईवडिलांना कार्ड मिळवून दिलं. पण कोथरूडचा फ्लॅट, बँकेतलं लॉकर, गुडघ्यांचे डॉक्टर आणि सकाळच्या टेकडीवरची मंडळी काही सुटत नाहीत. मग दिवाळीच्या आधी पुणं गाठायचं आणि उन्हाळा तापायला लागला की न्यू जर्सी. नियम कुठून आला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘अहो, कायदाच आहे तसा!’

कायदा तसा नाही. तो कसा आहे आणि असा कसा झाला, हे पाहायचं तर एकोणिसाव्या शतकात, सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जावं लागतं.

चे चान पिंग हा चिनी मजूर १८७५ पासून तिथे राहत होता. १८८७ मध्ये तो मायदेशी गेला तो परतीचा सरकारी दाखला खिशात घालून. तेव्हाच्या कायद्याने चिनी मजुरांना असा दाखला मिळत असे. पुढच्या वर्षी तो ‘बेल्जिक’ बोटीने परत निघाला. बोट समुद्रात असतानाच, १ ऑक्टोबर १८८८ ला, नवा कायदा झाला आणि असे सगळे दाखले एका फटक्यात रद्द झाले. आठवड्याभराने बोट धक्क्याला लागली, तेव्हा पिंगच्या हातात फक्त कागद उरला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला. परक्या माणसाला आत घ्यायचं की नाही हा सरकारचा सार्वभौम अधिकार आहे आणि आधी दिलेली परवानगी सरकार परत घेऊ शकतं, असा तो निकाल. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास म्हणजे या निकालाची धार हळूहळू बोथट करण्याचा खटाटोप आहे. ती अजून पुरती बोथट झालेली नाही.

१९२४ च्या कायद्याने तात्पुरतं बाहेर जाऊन परतणाऱ्या रहिवाशाला स्थलांतरितांच्या कोट्याबाहेर ठेवलं आणि त्याच्यासाठी पुनर्प्रवेशाचं परमिट आणलं. आजचं ‘रीएन्ट्री परमिट’ त्याच वंशातलं. १९४० मध्ये युद्धाच्या सावटाखाली सगळ्या परदेशी रहिवाशांना पोस्टात जाऊन बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी लागली. त्या नोंदणीच्या पावतीतूनच पुढे कार्ड जन्माला आलं. सुरुवातीला ते हिरवं होतं म्हणून ‘ग्रीन कार्ड’. मग ते निळं झालं, आणखीही रंग बदलले, आणि २०१० मध्ये पुन्हा हिरवं झालं. मधली कित्येक वर्षं लोक हिरवं नसलेल्या कार्डाला हिरवंच म्हणत राहिले.

या चित्रात आपण जवळजवळ नव्हतोच. १९४६ मध्ये भारतीयांना कोटा मिळाला तो वर्षाला १०० माणसांचा. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं आणि मग डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या बायका, भाऊ आणि शेवटी आईवडील, अशी रांग लागली.

त्या आधी दोनच वर्षं एक महत्त्वाचा खटला निकालात निघाला होता. फ्ल्यूटी नावाचा स्विस माणूस १९५२ पासून कायम रहिवासी होता. १९५६ मध्ये तो मेक्सिकोतल्या एन्सेनाडा या गावी गेला, तोही दोन-चार तासांपुरता. सरकारचं म्हणणं, परतताना त्याने देशात ‘नव्याने प्रवेश’ केला, आणि तो समलिंगी असल्यामुळे त्या वेळच्या कायद्याप्रमाणे तो प्रवेशाला अपात्र होता. म्हणजे घरीच बसला असता तर हा आरोप त्याला चिकटलाच नसता; दुपारचा फेरफटका नडला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की अशी साधी, थोडक्या वेळाची, कुठलाही वाईट हेतू नसलेली सफर म्हणजे नवा प्रवेश नव्हे. एका मताच्या फरकाने हा दिलासा मिळाला आणि तेहतीस वर्षं टिकला.

मात्र आपल्या आजी-आजोबांनी वाचावा असा निवाडा दुसराच आहे. १९७५ चा, इमिग्रेशनच्या अपील मंडळाचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. जमैकाची एक बाई वर्षातले अकरा महिने जमैकात आपलं लॉजिंग चालवायची आणि दरवर्षी महिनाभर अमेरिकेत येऊन जायची. कार्ड जिवंत ठेवायला तेवढं पुरेल, हा तिचा हिशोब. मंडळाने तो मान्य केला नाही. तिचं घर आणि व्यवसाय दोन्ही जमैकात, तेव्हा ती परत जात होती ती जमैकाला. अमेरिकेत तिचा फक्त मुक्काम होता. तिचा निवास संपला, असं ठरलं. लॉजिंगच्या जागी कोथरूडचा फ्लॅट घाला, म्हणजे बाकी स्पष्टीकरण लागणार नाही.

मग सहा महिने आले कुठून? दोन वेगळ्या ठिकाणांहून, आणि बागेतल्या बाकावर त्यांची गाठ पडली. पहिलं ठिकाण नागरिकत्वाचा कायदा. पाच वर्षांचा अखंड निवास मोजताना एका खेपेत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर अखंडपणा तुटल्याचं गृहीत धरतात, आणि तो तुटला नाही हे अर्जदाराला दाखवावं लागतं. दुसरं ठिकाण १९९६ चा कायदा. फ्ल्यूटीची सवलत त्याने मोडीत काढली. सलग १८० दिवसांहून अधिक बाहेर राहिलेला कार्डधारक परतताना नव्याने प्रवेश मागतो आहे असं धरायचं, असं त्याने लिहून टाकलं. पण नव्याने प्रवेश मागणाऱ्यांच्या त्याच यादीत, दिवसांचा आकडा न घालता, ज्याने निवास सोडून दिला आहे तोही आहे. जमैकाची बाई त्यात बसते, मग ती सहा महिन्यांत येवो की सहा आठवड्यांत. १८० दिवसांच्या आत परतलेल्याला अभय आहे, असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.

एक वर्ष ही मात्र खरी रेघ आहे. वर्षभर बाहेर राहिल्यावर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही.

१९९६ च्या याच कायद्याने जुनी पापंही उकरली. व्हार्टेलास नावाचा ग्रीक रहिवासी १९९४ मध्ये एका गुन्ह्याची कबुली देऊन शिक्षा भोगून मोकळा झाला होता. २००३ मध्ये तो आईवडिलांना भेटायला आठवडाभर ग्रीसला गेला आणि परतताना विमानतळावर अडकला. १९९६ चा नियम १९९४ च्या कबुलीला मागे जाऊन लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. आठवड्याच्या सुट्टीचा निकाल लागायला नऊ वर्षं गेली.

या रुक्ष पसाऱ्यात एक तरतूद मला फार आवडते. कार्डधारक बाई तात्पुरती परदेशी गेलेली असताना बाळंत झाली, तर त्या बाळाला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. बाळ दोन वर्षांच्या आतलं हवं आणि आईच्या पहिल्याच परतीच्या खेपेत तिच्याबरोबर यायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत वॉशिंग्टनमध्ये कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. नियम मात्र तिच्यासाठीच केल्यासारखा आहे.

जानेवारी २०१७ मध्ये पिंगची बोट पुन्हा दिसली. सात देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा हुकूम निघाला तेव्हा कितीतरी जण विमानात होते, आणि सुरुवातीला तो कार्डधारकांनाही लावला गेला. दोन दिवसांत सरकारने सूर बदलला, १ फेब्रुवारीला लेखी खुलासा केला. २०२५ च्या नव्या बंदीत कार्डधारकांना आधीच वगळलं होतं.

आपल्या लोकांना खरा फटका बसला तो २०२० मध्ये. मार्चच्या शेवटी भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. हिवाळा पुण्यात काढून परत जाऊ म्हणणारे तिथेच राहिले. ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं मे महिन्यात सुरू झाली, पण सत्तरीतल्या माणसांना त्या दिवसांत विमानात बसवायची मुलांचीच तयारी नव्हती. बघता बघता वर्ष उलटलं. ज्यांचं उलटलं त्यांना वकिलातीतून परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागावा लागणार होता, आणि मुक्काम आपल्या हातात नसलेल्या कारणाने लांबला याचे पुरावे द्यावे लागणार होते. ज्यांनी निघताना रीएन्ट्री परमिट घेतलं होतं ते निवांत होते. असे फार थोडे. ‘चार महिन्यांसाठी कशाला हवंय?’ असंच सगळ्यांचं झालेलं.

आता दिवस मोजायला शिक्क्यांची पानं उलटावी लागत नाहीत. जानेवारी २००९ पासून कार्डधारकांचेही ठसे परतताना घेऊ लागले, आणि २६ डिसेंबर २०२५ पासून देशात येताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा परदेशी नागरिकाचा फोटो काढण्याचा नियम लागू आहे, कार्डधारक धरून. खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो, ‘किती दिवस होता?’ उत्तर त्याच्यासमोरच्या पडद्यावर असतं. त्याला ऐकायचं असतं ते पुढचं: घर कुठे, कर कुठे भरता, इथे कोण आहे.

त्या खिडकीवर कधी आय-४०७ हा फॉर्म पुढे आला, तर तो कार्ड स्वखुशीने सोडून देण्याचा फॉर्म आहे हे लक्षात ठेवा. सही करायची सक्ती नाही. ‘मला न्यायाधीशापुढे सुनावणी हवी,’ एवढं म्हणता येतं. मग निवास सोडल्याचं सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते. आणि मुक्काम लांबेल अशी नुसती शंका असली तरी रीएन्ट्री परमिटचा अर्ज निघण्याआधी करा. ते साधारण दोन वर्षं चालतं, मागाहून वकिलातीत मागवून घेता येतं. पण अर्ज करताना आणि ठसे देताना तुम्ही अमेरिकेत असावं लागतं. पुण्याहून तो करता येत नाही.