मराठवाड्यातील रानवनस्पतींचे लोकज्ञान

पेरणी न करता शेतात, बांधावर व माळरानावर उगवणाऱ्या वनस्पती ओळखून त्यांचा आहार, औषध व व्रतवैकल्यांत उपयोग करण्याविषयी मराठवाड्यात मौखिक परंपरेने चालत आलेली माहिती म्हणजे रानवनस्पतींचे लोकज्ञान होय. खुरपणी करणाऱ्या स्त्रिया, गुराखी व वैदू हे त्याचे प्रमुख वाहक आहेत.

आहार
वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या दिवसांत व कसा वापरावा, हे या ज्ञानाचे मर्म आहे. तरोट्याची (टाकळ्याची) भाजी पावसाळ्याच्या आरंभीच्या कोवळ्या पानांची करतात. पाने जून झाल्यावर ती खात नाहीत. आंबटसर घोळ डाळीत शिजवतात, तर पाथरीची पाने भाकरीबरोबर कच्चीही खातात. करटुल्याचा वेल दर पावसाळ्यात जमिनीतील कंदातून पुन्हा फुटतो. त्यामुळे कंद राखला तरच पुढील वर्षी फळे मिळतात.

औषधी उपयोग
तरोट्याचा पाला गजकर्णावर चोळतात. त्याचे ‘चक्रमर्द’ हे संस्कृत नाव याच गुणाचे निदर्शक आहे. निर्गुडीच्या पाल्याने दुखऱ्या सांध्यांना शेक देतात. किरकोळ जखमेवर कंबरमोडीचा रस लावतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून लोकज्ञान नव्या वनस्पतीही सामावून घेते, हे त्यावरून दिसते. मात्र गुळवेलीसारख्या वेलींच्या भिन्न जाती दिसण्यात सारख्या असल्याने अचूक ओळखीशिवाय सेवन अपायकारक ठरू शकते.

व्रते
आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाट्याची भाजी करण्याची प्रथा आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना उगवलेले अन्न खातात. आघाडा पूजेच्या पत्रीत लागतो.

सद्यस्थिती
तणनाशकांमुळे रानभाज्यांबरोबर खुरपणीही कमी झाली. मुली खुरपताना आई-आजीकडून तण व भाजी यांतील भेद शिकत. तो प्रसंगच आता दुर्मीळ झाला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडील चिकलठाणा परिसरात औद्योगिक वसाहत, विमानतळ व वाढती वस्ती यांमुळे शेते व बांधही घटले आहेत.

नोंदणी
व्ही. एन. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ (१९९८) या द्विखंडात्मक ग्रंथात या प्रदेशातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित असून तीत लोकज्ञानही नोंदवले जाते. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांकडून लोकविद्या लिहून घेतली होती. तीत वनौषधींचाही समावेश होता. जाणत्या पिढीच्या हयातीतच अशी नोंद शक्य असल्याने हा उपक्रम मराठवाड्यासाठीही मार्गदर्शक आहे.