वस्तीवर कुत्रा आणताय? आधी काम ठरवा, मग जात

मळ्यातलं घर आणि दारात कुत्रा नाही असं आपल्याकडे सहसा होत नाही. पूर्वी तो विकत कोणी आणत नसे. शेजारच्या वस्तीवर कुत्री व्यायली की एखादं पिल्लू उचलून आणायचं, ताकभाकरीवर ते वाढायचं आणि राखणीला लागायचं. आता मात्र हा व्यवहार पैशाचा झाला आहे. कोणी शहरातून पांढरं केसाळ पिल्लू आणतो, तर कोणी मुधोळला जाऊन ‘कारवानी’ घेऊन येतो. आणतो हौसेने, आणि वर्षाच्या आत तोच कुत्रा साखळीला बांधून गोठ्याच्या मागे पडलेला दिसतो. गावभेटीला वस्त्यांवर फिरताना हे चित्र वारंवार दिसतं, म्हणून हा विषय.

आधी कारवानीबद्दल बोलू, कारण जत, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यात विचारणा त्याचीच जास्त होते. कारवान म्हणा की मुधोळ हाउंड म्हणा, कुत्रा एकच. मुधोळ हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथे घोरपडे घराण्याचं संस्थान होतं आणि या जातीला राजाश्रय मिळाला तो राजे मालोजीराव घोरपडे यांच्यामुळे. पाय लांब, छाती खोल, कंबर बारीक, तोंड निमुळतं. उंची खांद्यापाशी साधारण सव्वादोन फूट, वजन २२ ते २८ किलो. कान, पाय आणि शेपटीवर झुपकेदार केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने या जातीचं तिकीट काढलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्र्यांबद्दल बोलताना मुधोळ हाउंडचं नाव घेतलं आणि त्याची चर्चा घरोघरी पोचली.

मागणी वाढली की भेसळ येतेच, बियाण्यात काय आणि कुत्र्यात काय. ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लंही मुधोळ म्हणून खपवली जातात. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लावरून तुम्हाआम्हाला त्यातला फरक कळत नाही. म्हणून पिल्लू बघू नका, त्याची आई बघा. बाप दाखवत असतील तर तोही बघा. ‘आई दुसऱ्या वस्तीवर आहे’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

पण खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. तुम्हाला कुत्रा कशासाठी हवाय? कारवानी हा नजरेने सावज हेरून पळणारा शिकारी कुत्रा आहे. वाऱ्यासारखा धावतो. पण त्याचा स्वभाव अलिप्त असतो, घरातल्या एक-दोन माणसांशीच त्याचं जमतं, परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. त्याला रोज मोकळं पळायला रान लागतं. कोंबडी पळाली की तो मागे धावणारच, ते त्याच्या रक्तात आहे. लहानपणापासून कोंबड्या-करडांमध्ये वाढवला तर सुधारतो, मोठेपणी आणलेला सुधारेल याची खात्री नाही. आणि सशाच्या शिकारीसाठी कोणी तो आणत असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पोलीस पाटलांनीही गावात ही गोष्ट स्पष्ट सांगावी.

तुमची गरज एवढीच असेल की रात्री कोणी आलं तर भुंकून जाग आणावी, तर माझं स्पष्ट मत आहे की गावठी कुत्र्याला तोड नाही. आपलं हवामान त्याला सोसतं, खाण्याचे लाड नाहीत, जिभेला धार असते. त्यातही गावठी कुत्री घ्या आणि तिची नसबंदी करून घ्या. ‘कुत्री नको, पिल्लांचा पसारा होतो’ असं बायाबापड्या म्हणतात. नसबंदी केली की तो प्रश्नच राहत नाही. माजावर येणं नाही, दारात दहा कुत्र्यांची भांडणं नाहीत, आणि नराच्या मानाने ती वस्ती सोडून भटकतही कमी.

पांढऱ्या केसाळ कुत्र्याची हौस असेल त्यांनी एवढंच बघावं की रोज विंचरायला घरात कोणाला वेळ आहे. कुसळं, गोखरू आणि गोचीड त्या केसांत असे गुंततात की शेवटी कात्रीच लावावी लागते. तो माजघरातला कुत्रा आहे, गोठ्यातला नव्हे.

उसाच्या पट्ट्यातल्या मंडळींना वेगळं सांगायचं आहे. शिराळा, वाळवा, कराडकडे बिबट्या आता उसातच राहतो. कुत्रा असला की बिबट्या येत नाही हा समज काढून टाका. अकोले तालुक्यात (अहिल्यानगर जिल्हा) बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने जवळजवळ ४० टक्के खाणं कुत्र्याचं निघालं. म्हणजे दारात साखळीने बांधलेला कुत्रा ही बिबट्याला वाढून ठेवलेली थाळी आहे. रात्री कुत्रा बंद खोलीत किंवा जाळीच्या पक्क्या खुराड्यात ठेवा. धनगर बांधव कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात तो उगाच नाही. बिबट्या मान धरतो.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. महिन्याचं पिल्लू गोजिरं दिसतं म्हणून विकणारा विकतो, पण त्या वयात ते आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हेच शिकत असतं. डोळे स्वच्छ, चाल सरळ, गुदद्वार कोरडं, टाळी वाजवली की मान वळवणारं पिल्लू घ्या. कोपऱ्यात दडून बसणारं दया येते म्हणून उचलू नका. पोट नगाऱ्यासारखं असेल तर ते बाळसं नव्हे, जंत आहेत. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावं. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपरची लस सुरू करावी. पार्वोत रक्ती हगवण लागून दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं.

नुसत्या दूध-भाकरीवर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात, त्याला मुडदूस होतो. भाकरी द्याच, पण तिच्याबरोबर उकडलेलं अंडं, खिमा, सुकट असं काहीतरी रोज पोटात गेलं पाहिजे. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आतड्यात रुततात. कारवानीच्या एक-दोन बरगड्या दिसणं ही त्याची ठेवणच आहे, पण ती सबब सांगून त्याला उपाशी ठेवू नये. अंगावर चरबी नसल्याने थंडीत तो कुडकुडतो, तेव्हा खाली पोतं हवं.

द्राक्ष बागायतदारांनी विशेष लक्ष द्यावं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, मूत्रपिंड निकामी होतं. बेदाण्याच्या शेडवर राखणीचा कुत्रा असतो आणि पोरं कौतुकाने मूठभर भरवतात, ते थांबवा. कांदा-लसणाचा रस्साही नको. उंदराचं औषध आणि फवारणीचे रिकामे डबे कुलपात ठेवा. आणि जनावरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन किंवा गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला वापरू नका. म्हशीची मात्रा कुत्र्याचा जीव घेते.

आता जत्रेची गोष्ट. बोकड-मेंढरं कापली जातात आणि आतडी-फुफ्फुसं कुत्र्यांपुढे टाकली जातात. काळजावर किंवा फुफ्फुसावर पाण्याने भरलेल्या गाठी कधी पाहिल्यात? त्या एका कृमीच्या असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, विष्ठेतून अंडी पडतात, ती हातावरून, भाजीवरून माणसाच्या पोटात जातात आणि माणसाच्या काळजात तशाच गाठी धरतात. कित्येकदा त्या ऑपरेशन करून काढाव्या लागतात. यात्रा कमिटीने तेवढा एक खोल खड्डा काढावा आणि सगळं त्यात पुरावं. कुत्र्याला जंताचं औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, हे पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा.

राहिला रेबीज. एकदा लक्षणं दिसली की यावर उपचार नाही, ना कुत्र्याला ना माणसाला. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात लस, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि त्यानंतर दरवर्षी न चुकता. चावा झालाच तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद काही भरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. खोल जखम असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं, ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात मागा. कुत्र्याला मारून टाकू नका. त्याला कोंडून दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण तो धडधाकट दिसतो म्हणून माणसाची इंजेक्शनं लांबवू नका. गाय-म्हशीला चावा झाला तरी लस टोचता येते, तीही त्याच दिवशी सुरू करा.

ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना आणि सरपंचांना एक विनंती. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, विष घालणं हा उपाय नव्हे, गुन्हा आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्याच्या महिनाभर आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र द्या, पाळीव कुत्र्यांची यादी करा आणि शिबिर सकाळी लवकर ठेवा, दुपारी कुत्री उन्हाने चिडतात. वस्त्या लांब असतील तर शाळेजवळ एक आणि मळ्याच्या वाटेवर एक अशा दोन जागा करा. लसीचं कार्ड मिळेल ते रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा. चावा झाला की डॉक्टर कुत्र्याला लस दिली होती का, कधी दिली, हे विचारतात, आणि ऐन वेळी ते कार्ड कोणालाच सापडत नाही.