हैदराबादी मसाल्याची चार वर्षं

‘हिम्मतवाला’ची गोष्ट एका दमात सांगून बघा. गावचा जुलमी शेरसिंह खून करतो, मास्तर तो पाहतात, तर मास्तरांवरच शिक्षिकेशी गैरवर्तन केल्याचा आळ. अब्रू गेलेला बाप परागंदा. आई खस्ता खाऊन मुलाला शिकवते, तो इंजिनिअर होऊन त्याच गावात धरण बांधायला परततो. मग चाबूक फिरवणारी शेरसिंहाची लेक, तिचं त्याच्यावर जडलेलं प्रेम, शेरसिंहाच्या मुनीमजींच्या मुलाशी नायकाच्या बहिणीचं लग्न, तिचा सासुरवास, मध्येच नायिकेनं घेतलेलं गरोदरपणाचं सोंग. परागंदा बापही अखेरीस सापडतोच. एवढ्यावर दुसऱ्या कुणी तीन चित्रपट काढले असते.

१९८३ साली हा चित्रपट आला तो हैदराबादच्या पद्मालय संस्थेचा. तेलुगू नट कृष्णा यांच्या घरची ही कंपनी. मद्रासमध्ये वाढलेला तेलुगू चित्रपट तेव्हा आपल्या राज्यात परतत होता. अमीरपेठेत सारथी स्टुडिओ आधीपासून होता, नागेश्वर राव यांनी सत्तरच्या दशकात अन्नपूर्णा स्टुडिओ उभारला होता. पद्मालयवाल्यांनी हिंदीसाठी नवी गोष्ट शोधली नाही. कृष्णाच नायक असलेला १९८१चा ‘ऊरुकि मोनगाडु’ चालला होता, तोच के. राघवेंद्र राव यांनी हिंदीत केला. नायिका श्रीदेवीला हिंदीत खरी ओळख मिळाली ती इथे, पण पडद्यावरचा आवाज नाझचा.

‘हिम्मतवाला’चा नायक जितेंद्र याला हे काम हवंच होतं. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या आणि व्ही. शांतारामांनी पुढे आणलेल्या या नटाचा स्वतःची निर्मिती असलेल्या ‘दीदार-ए-यार’मध्ये, १९८२ साली, हात चांगलाच पोळला होता. दक्षिणेतली शिस्त त्याला मानवली. तयार पटकथा, ठरलेल्या तारखा, वेळेत चित्रीकरण. १९८३ सालीच ‘जस्टिस चौधरी’ आणि ‘मवाली’ही आले. पहिल्यात तो न्यायाधीश आणि तरुण अशा दुहेरी भूमिकेत, दुसऱ्यात सज्जन रमेश आणि त्याच्यासारखाच दिसणारा गंगू. खुनाचा खोटा आळ, तुरुंग, दोन नायिका, कारस्थानी नातलग! चेहरा एकच असल्यामुळे कोण कुठे आहे याचा हिशेब ठेवायला कागद-पेन्सिल लागावी.

या गर्दीला समीक्षक गबाळेपणा म्हणत. मला तो धंद्याचा चोख हिशेब वाटतो. तेलुगूत खपलेली गोष्ट मुळातच भरगच्च होती: आईच्या अश्रूंसाठी एक धागा, खुनाच्या उलगड्यासाठी दुसरा, नाचगाण्यांसाठी तिसरा. हिंदीत तिच्यावर कादर खानचे संवाद, शक्ती कपूरबरोबरचा त्याचा धुडगूस आणि बप्पी लाहिरींचा ठेका चढला. काढून कुणी काहीच टाकलं नाही. रंगीत मडक्यांच्या रांगांतून नाचणारं जोडपं दिसलं, की मागच्या प्रसंगातला खून विसरायला प्रेक्षक तयार असे. इंदीवरसारख्या गीतकाराकडून तिथे काय काय लिहून घेतलं गेलं, हा वेगळा दुःखाचा विषय.

खटकतं ते दुसरंच. ‘हिम्मतवाला’तल्या मास्तरांवरचा आळ ही खरोखर भेदक कल्पना होती. सत्य सांगणाऱ्याचं चारित्र्य संपवलं, की त्याची साक्ष आपोआप संपते. पण त्या माणसाजवळ थांबायला कॅमेऱ्याला वेळ नाही, पुढचं गाणं खोळंबलेलं असतं. सासुरवाशीण बहीण तर केवळ नायकाचे हात बांधून ठेवण्यापुरती. गोष्टी खूप असल्याने माणसं कमी पडत गेली.

१९८४ साली निर्माते रामानायडूंनी तेलुगू ‘देवता’वरून ‘तोहफा’ काढला. दोन बहिणी आणि एक पुरुष एवढाच मामला असल्यामुळे तो त्यातल्या त्यात सुटसुटीत, आणि चाललाही तुफान. ‘मकसद’मध्ये जितेंद्रबरोबर राजेश खन्ना आला. मग पद्मालयला भव्यतेचा मोह पडला. ‘पाताल भैरवी’ झाला, आणि १९८६ साली कृष्णा यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘सिंहासन’, तेलुगू आणि हिंदी एकाच वेळी. राजवाडे उभे राहिले, तेलुगूत हा पहिला ७० एमएम चित्रपट म्हणून गाजला, पण हिंदीत प्रेक्षक फिरकला नाही. दोनच वर्षांत ‘कयामत से कयामत तक’ आला आणि तरुणांना साधी, एका धाग्याची प्रेमकथा पुरेशी वाटू लागली.

२०१३ साली साजिद खाननं ‘हिम्मतवाला’ पुन्हा केला, तोही १९८३ सालातच घडणारा. तो साफ आपटला. जुनी गोष्ट त्यानं थट्टेवारी नेली होती. जितेंद्र आणि शेरसिंह झालेला अमजद खान मात्र तीच गोष्ट पूर्ण विश्वासानं करत होते.