फ्यूजची बारीक तार

विहिरीवरची मोट गेली आणि तिच्या जागीं विजेची मोटार आली. मोटेचा नाडा झिजला कीं तें आमच्या वाडवडिलांच्या ध्यानांत येई. पेटींतील तारेचें तसें नाहीं. वाचकांनीं आपल्या मळ्यांतील स्टार्टरशेजारची पेटी एकदां उघडवून पाहावी. किटकॅटमध्यें दुकानांतून आणलेली फ्यूजची तार आढळली तर ते वाचक सावध खरे. पुष्कळांच्या पेटींत केबलच्या तारा सोलून, पिळून घातलेल्या आढळतील.

हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. कारकुनींतून निवृत्त होऊन आम्ही स्वतः शेती पाहूं लागलों, त्या पहिल्याच वर्षीं आमच्या ५ अश्वशक्तीच्या मोटारीचा फ्यूज एका आठवड्यांत तीनदां गेला. उंसास पाणी हवें होतें. आम्हीं १ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घातली, ओव्हरलोड रिलेचा कांटाही शेवटच्या आंकड्यावर नेला आणि निश्चिंत झालों. फ्यूज पुन्हा गेला नाहीं. नवव्या दिवशीं मोटार गेली. रिवाइंडिंग करणाऱ्यानें आधीं झिजलेलें बेअरिंग दाखविलें, मग ती तार आमच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "काका, बेअरिंग धरतंय हे फ्यूज तीनदा सांगत होता. तुम्ही त्याचंच तोंड बांधलंत." जन्मभर दुसऱ्यांच्या फेरफार नोंदींतील चुका काढणाऱ्या आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

तारेंतून प्रवाह वाहूं लागला कीं तार तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. हा नियम जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, सहापट झाला तर छत्तीसपट. तेव्हां सर्व वाटेवर एकच तुकडा मुद्दाम बारीक ठेविला, तर तो इतरांच्या आधीं वितळतो आणि वाट तुटते. टॉमस एडिसन ह्यांनीं विजेच्या दिव्यांसाठीं अशा तुकड्याचें पेटंट अमेरिकेंत १८८० सालीं मिळविलें. ज्यांच्या घरीं रोटाव्हेटर आहे त्यांस शिअर बोल्ट ठाऊकच आहे. दगड लागला कीं तो तुटतो व गिअर वांचतात. त्याच्या जागीं पोलादी सळई ठोकणारा शेतकरी आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. विजेच्या बाबतींत मात्र आपण सर्वच ती ठोकतों.

आतां आमच्या शहाणपणाचा हिशेब पाहावा. ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारें ७.५ अँपिअर घेते. रोटर अडकला तर ती सहापट, म्हणजे ४५ अँपिअर ओढते. सुरू होतांनाही ती जवळजवळ इतकाच प्रवाह घेते, पण तो क्षणभर, आणि तारेस तापण्यास वेळ लागतो. अर्धा मिलिमीटर जाडीची कल्हईदार तांब्याची तार १५ अँपिअरची म्हणून मिळते. ती २८ ते ३० अँपिअरला वितळते. आमच्या १ मिलिमीटरच्या तारेस वितळण्यास सुमारें ८० अँपिअर लागतात. ४५ अँपिअरनें वाइंडिंग जळून गेलें, आणि तार जशीच्या तशी राहिली.

तथापि योग्य तार घातली कीं काळजी मिटली, असें नाहीं. तिहींपैकीं एकच फ्यूज गेला तर चालती मोटार थांबत नाहीं. उरलेल्या दोन फेजांवर घरघरत राहते. त्या दोहोंतील प्रवाह सुमारें पावणेदोनपट, म्हणजे १३ अँपिअर होतो आणि वाइंडिंगमधील उष्णता तिप्पट. १५ अँपिअरची तार १३ अँपिअर खुशाल जाऊं देते! येथें ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर हींच कामास येतात. रिलेचा कांटा मोटारीच्या पट्टीवर कोरलेल्या अँपिअरवरच असावा.

फ्यूजऐवजीं एम.सी.बी. बसविण्याची चाल आतां सर्वत्र पडली आहे. जर्मनींतील मानहाइम येथील ह्यूगो स्टोट्झ ह्यांच्या कारखान्यांत १९२४ च्या सुमारास हा लहान स्विच निघाला. आंत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती थोड्या जादा प्रवाहानें हळूहळू तापून वांकते व खटका सोडते. शॉर्ट सर्किट झालें तर तारेचें वेटोळें चुंबक बनून तोच खटका क्षणार्धांत ओढतें. ह्यांत जाड तार घालतां येत नाहीं, हाच आमच्या मतें त्याचा मोठा गुण. खटका दोनदां पडला तर तिसऱ्यांदा चढविण्यापूर्वीं कारण शोधावें.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं फ्यूज व एम.सी.बी. हीं तारांचें व यंत्रांचें रक्षण करितात, माणसाचें नव्हे. माणसाचा प्राण जाण्यास एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरे. समजा, मोटारीच्या आंतील तार उघडी पडून लोखंडी अंगास लागली आणि अर्थिंग उन्हाळ्यांत वाळून २० ओहमचें झालें. २३० व्होल्टला २० नीं भागलें तर ११.५ अँपिअर होतात. १५ ची तार वितळणार नाहीं, १६ चा एम.सी.बी. पडणार नाहीं, आणि मोटारीचें अंग तसेंच जिवंत राहील. ओल्या पायांनीं हात लावणाऱ्यास तें दिसणार नाहीं. ह्यासाठीं आर.सी.सी.बी. नांवाचें यंत्र निराळें आहे. तें जाणारा व परतणारा प्रवाह ताडून पाहतें आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडतांच वीज तोडतें. त्यावरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी घालावें. डीपीवरील फ्यूज गेला तर कितीही घाई असो, वर कोणीं चढूं नये. वायरमनची वाट पाहावी.

आमच्या पेटीच्या दारावर आतून मोटारीचे अँपिअर, तारेची जाडी व रिलेचा आंकडा आम्हीं पांढऱ्या रंगानें लिहून ठेविला आहे. खालीं तारेची लहान गुंडाळी खिळ्यास अडकविली आहे. सालगडी ती घेण्यापूर्वीं मेन स्विच पाडतो, आणि फ्यूज कां गेला हें आधीं आम्हांस विचारतो.