बोलणारं गाव, ऐकणारा नट

मराठी सिनेमात लिहिणारा नट नवा नाही. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मध्ये पु. ल. देशपांड्यांनी कथेपासून संगीत-दिग्दर्शनापर्यंत सगळं एकहाती केलं. दादा कोंडक्यांनी तर स्वतःभोवती अख्खा सिनेमा उभा केला. गिरीश कुलकर्णींना मात्र या रांगेत बसवताना मी थबकतो. लिहिताना हा नट टाळ्यांची वाक्यं दुसऱ्यांना देऊन टाकतो आणि स्वतःकडे ऐकणाऱ्याची जागा ठेवतो.

‘वळू’ (२००८) आठवा. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. देवाला सोडलेला डुरक्या नावाचा वळू मोकाट सुटलाय आणि त्याला पकडायला फॉरेस्टचे साहेब कुसवड्यात आलेत. गावात काहीही बिघडलं की खापर डुरक्यावर. सरपंच, त्याचा विरोधक, बायाबापड्या, प्रत्येकाची वळूबद्दल वेगळी तक्रार आणि प्रत्येकाची बोलायची ढब वेगळी. अनेक गावांच्या पारावर बराच वेळ बसल्याशिवाय असे संवाद हाताला लागत नाहीत. यात गिरीश स्वतः जीवन झाले, साहेबांच्या मागेपुढे करणारा गावातला गडी. त्यानंतर आलेल्या ‘विहीर’च्या लेखनातही त्यांचा वाटा होता.

‘देऊळ’ (२०११) हे या जोडीचं सर्वांत मोठं काम. हरवलेली करडी गाय शोधताना केश्या (स्वतः गिरीश) औदुंबराखाली निजतो आणि त्याला दत्त दिसतो. तो जिवाच्या आकांताने गावाकडे पळत सुटतो. ते पळणं मला आजही दिसतं: धाप लागलेली, शब्द अर्धवट, डोळ्यांत भीती आणि आनंद एकत्र. पण ज्याला देव दिसला त्या केश्याचं त्यानंतर कुणी ऐकतच नाही. गावातल्या अण्णांच्या मनातलं इस्पितळ मागे पडतं, देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, भोंगे वाजू लागतात. भाऊ गळंदे (नाना पाटेकर) या पुढाऱ्याला गिरीशनी खलनायक केलेलं नाही. त्याची अडचणही खरी वाटते, हे लेखकाचं मोठेपण. या चित्रपटासाठी त्यांना अभिनय आणि संवाद असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही ‘देऊळ’ने ‘ब्यारी’सोबत वाटून घेतला.

दुसऱ्यांच्या लेखणीखाली त्यांचा अभिनय वेगळाच खुलतो. अनुराग कश्यपच्या ‘अग्ली’त मुलगी हरवली म्हणून बाप ठाण्यात येतो, तर इन्स्पेक्टर जाधव फोन आल्यावर पडद्यावर फोटो कसा दिसतो याचीच चौकशी करत बसतो. हसू येतं, आणि त्याच क्षणी पोटात गोळाही. ‘दंगल’चा प्रशिक्षक देशभर पोचला, पण ती भूमिका एकसुरी होती. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

२०१६ साली ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मधून ते दिग्दर्शक झाले. पुढाऱ्याचा मुलगा नाटकाच्या नादी लागतो आणि त्यातून स्वतःला शोधतो. अजय-अतुलच्या गाण्यांनी चित्रपट गाजला. माझ्या मते त्यात पात्रांची गर्दी झाली आणि उत्तरार्ध सैल पडला. लेखक गिरीशना आवडलेला प्रत्येक प्रसंग दिग्दर्शक गिरीशनी ठेवून दिला. तिथे समोर उमेशसारखा कात्री धरून बसलेला दुसरा माणूस हवा होता. तरीही गावातल्या पोरांना रंगमंचाची गोडी लागते तो भाग मनापासून केलेला आहे.

या सगळ्यात एक चित्रपट दुर्लक्षित राहिला, सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). विदर्भातला कापूस पिकवणारा किसना. नवरा जिवाचं काही बरंवाईट करील या भीतीने बायको मुलाला त्याच्या मागावर ठेवते, घरात गोडधोड रांधते. किसनाला काही कळत नाही, तो पावसाची वाट पाहतो. गिरीशनी हा माणूस कुठेही केविलवाणा होऊ दिलेला नाही. कधीतरी दोन तास काढा आणि तो नक्की पाहा.