परितेवाडीचे डिसले गुरुजी

अकलूजकरांनो, शेजारच्या माढा तालुक्यातली परितेवाडी आठवतेय ना? २००९ मध्ये रणजितसिंह डिसले गुरुजी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची पडकी इमारत जनावरांच्या गोठ्याला लागून होती. गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. पालकाचा मोबाईल कोडवर धरला की कविता ऐकू यायची, धडा व्हिडिओत दिसायचा. पुढे राज्यभरच्या पुस्तकांवर असे कोड आले!

२०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांत वाटली. मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं. आपल्या गावच्या झेडपी शाळेतही असे धडपडे शिक्षक असतात. एकदा जाऊन भेटा, काय हवं-नको ते विचारा.